यूपीएसच्या मागचा डबा

"फिर वही हाल है, साहब," हर्षित म्हणाला. "बैलगाड़ी चल रही है."

शशिकांतने पडद्यावर नजर टाकली. इस्पितळातल्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण एका स्टोरेजवर साठायचं आणि तिथून त्याची नक्कल आभासी टेपवर जायची. आभासी म्हणजे टेप कुठेच नाही. दुसऱ्या यंत्रातल्या डिस्कच टेपचं सोंग घेतात. पण टेप पूर्ण झाली की तिला कुलूप लागतं, मग मालकालाही ती पुसता येत नाही. आज ही नक्कल काही केल्या पुढे सरकत नव्हती.

तिकडे स्टोरेज भरत आलं होतं. भरलं की ते सगळ्यात जुनं चित्रण आपणहून पुसून नव्याला जागा करतं, आणि सगळ्यात जुन्यात गोदूबाई होती. संध्याकाळपर्यंत ती पुसली गेली असती.

शशिकांत इथला कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा. गोदूबाईचं चित्रण त्याने एकदाच पाहिलं होतं. म्हातारीची ऑक्सिजनची नळी निघालेली, ती दाराकडे हात करतेय. दारात इस्पितळाचे मालक डॉक्टर रत्नाकर, फोन कानाला. ते बघतात, आणि वळून निघून जातात. म्हातारी गेली. कानपूर रस्त्यावरच्या मोठ गावी दिलेल्या तिच्या मुलीने अर्ज केला, आणि चौकशी समितीने उद्यापर्यंत टेप मागवली होती.

म्हणून टेपच्या यंत्राच्या कंपनीचा माणूस बोलावला होता. प्रयत्न केला हे दिसायला हवं ना! नेहमीचा माणूस आला नाही, हा हर्षित आला. कमी बोलणारा, कानांपर्यंत लोकरी टोपी ओढलेला. सर्व्हरच्या खोलीत गारठा असतोच, टोपीचं कुणाला काही वाटलं नाही. शशिकांतने गाव विचारलं तर म्हणाला, "कानपुर रोड की तरफ़ का हूँ."

वायरी बदलून झाल्या. एका वेळी किती फायली पाठवायच्या तेही बदलून झालं. वेग तसूभर वाढला नाही.

तेवढ्यात रत्नाकर स्वतः आले. हर्षित रॅकखाली आडवा पडून बॅटरी मारत होता.

"काय म्हणतो हा?" त्यांनी मराठीत विचारलं.

ही त्यांची जुनी रीत. दोघांची घराणी झाशीत सरदारांबरोबर आलेली, दोघं एकाच आळीत वाढलेले. इस्पितळात बाकी सगळा कारभार हिंदीतून चालायचा, घरचं बोलणं मराठीतून. झाशीत मराठी म्हणजे बंद खोली, असं रत्नाकर हसून म्हणायचे. कसली गुप्त गोष्ट असो, ते चारचौघांत खुशाल बोलून मोकळे व्हायचे.

"शोधतोय," शशिकांत म्हणाला.

"तो मागचा डबा दिसेल का याला?"

"यूपीएसच्या मागे आहे. तिथे कोण हात घालतंय?"

डबा म्हणजे अडगळीतला एक जुनाट नेटवर्क स्विच, त्यातून सगळं रांगतच पुढे जायचं. स्टोरेज आणि टेप यांच्या मध्ये शशिकांतनेच तो अडकवला होता. चित्रण पुसलं तर पुसल्याची नोंद राहते. आपोआप गेलं तर बोट कुणाकडे दाखवणार? ही अक्कलही रत्नाकरांचीच.

"म्हातारीला मुलगा नाही," रत्नाकर म्हणाले. "मुलगी एकटी किती दिवस धावेल? विसरेल."

रॅकखाली हर्षितच्या हातून पेचकस निसटला आणि खणकन वाजला.

"ठंड से हाथ ठिठुर गए, भैया?" रत्नाकरांनी विचारलं आणि हसत निघून गेले.

शशिकांतला हसू आलं नाही. त्याला स्वतःची शरम वाटत होती. यूपीएसच्या मागे हात घालायचा, वायर काढून सरळ टेपच्या यंत्रात खोचायची, एवढंच काम होतं. तो यूपीएसपर्यंत गेलाही. मग त्याला आठवलं की नोकरी रत्नाकरांनी दिलेली आहे आणि मुलीचं, दिशाचं लग्न व्हायचंय. तो परत खुर्चीत येऊन बसला.

"आप खाना खा आइए, साहब," हर्षित म्हणाला. "मैं एक बार और चलाकर देखता हूँ."

शशिकांतला तेच हवं होतं. तो थेट इलाइट चौराह्यावर गेला आणि एका हॉटेलात बसला, पण ताट तसंच पुढे राहिलं. मुलीचा फोन आला.

"पापा, खाना खाया?"

"जेवतोय गं. गाडीची किल्ली आजोबांच्या फोटोमागे ठेवून जा."

"ठीक है, रख दूँगी."

दिशाचं हे असंच. मराठीचं एक वाक्य धड बोलायची नाही. त्याने फोन ठेवला, चहा मागवला, मग आणखी एक. परत जायची घाई नव्हतीच. सगळं संपल्यावर गेलं की झालं.

तो परतला तेव्हा ऊन कललं होतं. खोलीत हर्षित आपली वायर गुंडाळत बसला होता. पडद्यावर हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती, आणि टेपच्या नावापुढे कुलूप लागलं होतं.

टेबलावर धुळीने माखलेला जुना स्विच ठेवलेला होता.

शशिकांतने तो ओळखला. रत्नाकरांना काय सांगायचं? आणि तरीही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, ते त्याला नाकारता येईना.

"ये तुम्हें कैसे मिला?" त्याने विचारलं.

हर्षितने टोपी काढून तोंड पुसलं. डोक्याचा गोटा केलेला होता, त्यावर नुकतेच खुंट उगवू लागले होते. एवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो, आई," तो म्हणाला. "झालं काम. आजी हात करते ना दरवाज्याकडे, ते पूरा आलंय टेपवर."