दाराकडची गादी

गादीवाला कात्री घेऊन पलंगावर चढला तरी जावई बोलतच होता.

"सेपरेट. किती सहज वापरतो आपण हा शब्द. मूळ लॅटिन. 'से' म्हणजे बाजूला आणि 'पारारे' म्हणजे तयार करणं. म्हणजे बघा बाबा, यात तोडणं कुठेच नाही. बाजूला काढून नीट तयार ठेवणं, एवढंच."

म्हातारा खुर्चीत बसून होता. त्याने जन्मभर बस चालवली होती. पाठीमागे उभे राहून न थांबता बोलणारे प्रवासी त्याने पुष्कळ पाहिले होते. त्यांना उत्तर द्यायचं नसतं. कधी तरी त्यांचा स्टॉप येतो.

खोलीत दोन सुटे पलंग एकमेकांना लावून ठेवलेले होते. त्यांवर दोन कापसाच्या गाद्या, मधोमध एकमेकींना शिवलेल्या. मध्ये फट पडते म्हणून त्याच्या बायकोनेच त्या दाभण आणि जाड दोरा घेऊन शिवल्या होत्या. ती जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

जावई कॉलेजात भाषा शिकवायचा. डॉक्टरांनी त्याच्या पाठीसाठी कापसाची गादी सांगितली होती. हे त्याने आल्या आल्या चहा पिताना सांगून टाकलं. 'आईंची आठवण' त्याला दुसऱ्या कपाला सुचली.

"तुम्हाला एकट्याला दोन काय करायच्यात, बाबा?" मुलगी म्हणाली होती. मग तिचे डोळे भरून आले होते. आईची वस्तू मुलीने मागितली तर नाही कसं म्हणायचं, ते म्हाताऱ्याला येत नव्हतं. पण खिडकीकडची गादी या घरातून जाता कामा नये, हेही त्याला पक्कं कळत होतं. ती बायकोची होती.

"न्यायची कुठली?" गादीवाल्याने विचारलं. "पटकन बोला. मला अजून दोन घरं करायचीत."

"आईंची," जावई म्हणाला, आणि मग बायकोकडे वळला. "आईंची कुठली गं?"

"दाराकडची," मुलगी लगेच म्हणाली. "लहानपणी मी रात्री घाबरून यायचे ना, अंधारात पहिला आईचाच हात लागायचा. हो ना, बाबा?"

तिचं बरोबर होतं. तेव्हा आई दाराकडेच झोपायची. पण मुलगी सासरी गेल्यावर म्हाताऱ्याचे गुडघे गेले. रात्रीतून चार वेळा उठावं लागायला लागलं, तेव्हा बायकोने जागा बदलली. तू हो दाराकडे, म्हणाली, माझ्या अंगावरून डोंगर ओलांडत जाऊ नकोस. तेव्हापासून ती खिडकीकडे आणि हा दाराकडे. मुलगी पाहुणी यायची ती बाहेरच्या खोलीत झोपायची. तिला कोण सांगणार.

"हो," म्हातारा म्हणाला. "दाराकडची."

गादीवाल्याने पहिला टाका कापला.

"आता गंमत पहा," जावई म्हणाला. "हाच शब्द फ्रेंचमधून फिरून आला आणि त्याचं 'सेव्हर' झालं. तोडणे, छाटणे. एकाच आईची दोन लेकरं. एक शिकून शहाणं झालं, दुसरं कुऱ्हाड घेऊन फिरतंय."

"साहेब, ते शहाणं लेकरू जरा इकडे पाठवा," गादीवाला म्हणाला. "गादी ताणून धरायला माणूस पाहिजे."

"माझी पाठ," जावई म्हणाला.

मुलीने गादी धरली. जावई दाराला टेकून उभा राहिला आणि तयारी या कल्पनेविषयी बोलू लागला. मृत्यू म्हणजेही एका अर्थी तयार करून बाजूला ठेवणं, असं त्याला अलीकडे वाटत होतं. यावर तो लिहिणारही होता. सासूच्या आजारपणात तो दोनदा येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा त्याला परतीची गाडी गाठायची होती.

कात्री मधूनमधून अडत होती. जावयाची जीभ नाही.

"काय शिवलंय हो बाईंनी," गादीवाला पुटपुटला. "खोळ फाटेल, पण टाका सुटायचा नाही."

शेवटी गाद्या सुटल्या. मधून कापसाचे बारीक तंतू उडाले. गादीवाल्याने खिडकीकडची गादी पायाने पलीकडे सारली. म्हाताऱ्याने खुर्चीचे हात घट्ट धरले, मग सोडले.

मुलगी दाराकडच्या गादीवर वाकली. तिने त्या गादीला गाल लावला आणि तशीच राहिली. लहान असताना झोपायची तशी, तोंड किंचित उघडं.

"अगं," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात जावई पुढे आला. वाकताना त्याची पाठ काही दुखली नाही. त्याने गादीला नाक लावून मोठा श्वास घेतला.

"आईंच्या औषधाचा वास," तो हळू आवाजात म्हणाला. "अजून आहे. माणूस वेगळा होतो, वास होत नाही. हे कुठल्या कोशात सापडायचं नाही."

वास गुडघ्याच्या तेलाचा होता. म्हातारा रोज रात्री ते चोळायचा, आणि त्या वासाने मळमळतं म्हणून बायको खिडकीकडे तोंड करून झोपायची.

मुलीने डोळे पुसले. "काय म्हणत होतात, बाबा?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. त्याचं नाक अजून गादीतच होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "उन्हात घालू नका. वास जाईल."