आईच्या नावाचा सौदा

डॉलर कोसळायला लागला आणि नेमकं तेव्हाच चलनबाजाराच्या ॲपने निरंजनला बाहेर काढलं. सौदा ताबडतोब मोडला नाही, तर सगळी बचत बुडणार होती. पुन्हा आत शिरायला लागणारा कोड आईच्या फोनवर गेला होता.

खातं आईच्या नावाचं. सामान्य माणसाने चलनबाजारात भांडवलाच्या तीसपटीहून मोठा सौदा करायचा नाही, असा नियम निरंजन परदेशात जिथे राहायचा, तिथल्या सरकारने आणला होता. बँकेत मुरलेल्यांना मात्र सूट होती, आणि साताऱ्याहून त्याच्याकडे राहायला आलेली आई बँकेतूनच निवृत्त झालेली. लेकाने बोट ठेवलं तिथे तिने न वाचता सही केली. सौदा पाचशेपटीवर गेला.

त्याच्या मोबाइलवर कोडची चौकट उघडी होती, म्हणून त्याने घाईघाईत ऑफिसच्या फोनवरून आईला गाठलं.

“आई, आत्ता आलेले सहा आकडे सांग. पटकन!”

“कोण बोलतंय?”

“अगं, मी! निरंजन! पाया पडतो तुझ्या, सांग!”

“आवाज तर हुबेहूब काढलास रे मेल्या!”

फोन आपटला गेला. पुन्हा लावला, तर बंद.

थोड्या वेळाने त्याचा मोबाइल थरथरला. सौदा ॲपच्या कंपनीनेच मोडला होता. खात्यात काही उरलं नव्हतं. पाठोपाठ आईचा फोन आला.

“निरू, आज एक भामटा अगदी तुझ्या आवाजात रडत होता. पण एक आकडा सांगितला नाही मी. इतकी वर्षं बँकेत उगीच नाही काढली!”

“बरं केलंस, आई,” तो म्हणाला.