करवतीने कापलेलं हाड

हाड करवतीने कापलेलं होतं. अगदी गुळगुळीत, नव्या खडूच्या टोकासारखं. वाल्लीने ती हरणाची तंगडी ओट्यावर उलटीपालटी करून बघितली आणि मग आईकडे बघितलं. आई, म्हणजे हेर्मीने, लाल कोबी चिरत होती. चिरत कसली, कोबीवर सूड उगवत होती.

बाबा नेहमी सांध्यात सुरी घालून तंगडी सोडवायचे. उभ्या जन्मात त्यांनी हरणाच्या हाडाला करवत लावली नव्हती. शिवाय मांसावर, खाटीक बांधून देतो तसल्या दोऱ्याच्या जाळीचे चौकोन उमटले होते. आपल्या डोंगरात कुठलं हरीण जाळीचे मोजे घालून हिंडतं, असं वाल्लीला अगदी ओठावर आलं होतं.

"बोलू नकोस," आई मान वर न करता म्हणाली.

"मी कुठे काय बोलले?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

बाबांची नजर अधू झाली होती आणि बाबा सोडून साऱ्या घराला ते दिसत होतं. मागच्या महिन्यात त्यांनी शेजाऱ्यांच्या तांबड्या वासरावर नेम धरला. वाल्लीने झटकन बंदुकीची नळी खाली दाबली, म्हणून ते वासरू अजून गवत खात होतं. त्यावरून घरात रणकंदन झालं आणि शेवटी ठरलं की हुबेर्टुसच्या दिवसापर्यंत, शिकाऱ्यांच्या सणापर्यंत, बाबांनी एक हरीण मारून आणलं तर बंदूक घरात राहील. नाही तर ती विकायची. आज तो सण होता, आणि आज सकाळी बाबा तंगडी खांद्यावर टाकून शीळ घालत दारात हजर. बाकीचं हरीण म्हणे एका मित्राच्या शीतपेटीत होतं. कुठल्या मित्राच्या, हे विचारल्यावर त्यांना एकदम गोठ्यातलं काम आठवलं.

आईने तंगडी ताकात बुडवली. तेवढ्यात बाबा पुन्हा स्वयंपाकघरात डोकावले. ताज्या शिकारीला ताक लावत नाहीत, ती शिळ्या मांसाची सोय, असं त्यांनी सुनावलं. जुनिपरची फळं कमी घाल, वर डुकराच्या चरबीचे काप नीट पांघर, भट्टी आधी तापू दे, हेही सांगून झालं. मारायला विसरलेला माणूस शिजवायला मात्र काही विसरला नव्हता.

"तू मारून आणतोस ना, इग्नात्स, तेव्हा मी तुझंच ऐकते," आई म्हणाली. "आणतोस तेव्हा."

बाबा कानही अधू असल्यासारखे बाहेर निघून गेले.

वाल्लीने आईला कोपऱ्यात गाठलं. सरळ सांगून का टाकत नाहीस, असं तिचं म्हणणं. आईचं म्हणणं, संध्याकाळी कास्पर जेवायला येणार, त्याच्याच भावासमोर नवऱ्याचं नाक कापू का? मग बंदुकीचं काय, असं वाल्लीने विचारलं तेव्हा आईने भट्टीचं दार इतक्या जोरात लावलं की वरच्या पातेल्याचं झाकण खाली पडलं.

कास्पर काका आले ते भूक घेऊनच आले. गावच्या शिकारीचे म्होरके ते. बटाट्याचे गोळे, कोबी, लाल फळांचा मुरंबा आणि मधोमध ती तंगडी. चीड आणणारी गोष्ट अशी की ती उत्तम झाली होती.

"आणि कलेजी?" काकांनी विचारलं. शिकार ज्याने केली, कलेजी त्याची, आणि ती त्याच दिवशी कांद्यावर परतून भावाला घास द्यायचा, हा त्यांच्यातला रिवाज.

"कुत्र्याने पळवली," बाबा म्हणाले.

जन्मात पहिल्यांदाच चोर ठरलेलं ते कुत्रं टेबलाखाली शेपूट हलवत होतं. वाल्लीने दात आवळले.

काकांना मात्र आनंदच झाला. म्हणजे नजरेचं ते सगळं खोटंच, लोकांना काय, बोलायला काहीतरी हवंच असतं. मग येत्या रविवारच्या हाक्याला इग्नात्सने रानाच्या कडेची आपली जुनी जागा धरावी. पोरं समोरून झुडपं बडवत जनावरं बाहेर काढतील. आणि हो, वाल्ली किती वर्षं मागे लागलीये, तर यंदा तिलाही हाकाऱ्यांत घेऊ. मधोमध चालेल, बापाच्या बरोब्बर समोरून येईल.

आईचा काटा ताटावर वाजला. वाल्लीने तोंड उघडलं. टेबलाखालून आईने तिच्या पायावर पाय ठेवला, पण तो दाबलाच नाही.

बाबांनी सुरी खाली ठेवली. त्यांनी टेबलापलीकडे वाल्लीकडे बघितलं, डोळे बारीक करून, मान थोडी पुढे काढून. ती हातभर अंतरावर बसली होती. तिचा चेहरा नेमका कुठे आहे ते बाबा शोधत होते.

काकांनी स्वतःचा पेला भरला, भावाचा भरला. "सांग तरी लेका, किती लांबून मारलंस?"

"फार लांबून नाही," बाबा म्हणाले. "मी काउंटरच्या अलीकडे होतो. ते पलीकडे."

काकांचा घास तोंडाशी थांबला. आईने उठून तंगडीचा सगळ्यात चांगला काप काढला आणि तो बाबांच्या ताटात वाढला.