घरचं दरडोई उत्पन्न

लुसाकाच्या सांख्यिकी कार्यालयात सगळे खुशीत होते. चार वर्षं घसरत गेलेली झांबियाच्या दरडोई उत्पन्नाची रेषा यंदा वर चढली होती. ती रेषा काढणारा चिलेशे तेवढा फोन घ्यायला बाहेर गेला, तो डोळे पुसतच परत आला.

"काय झालं रे?" संचालिका न्यिरेंडाबाईंनी विचारलं.

"देशाचं वाढलं, मॅडम. माझ्या घरचं दरडोई उत्पन्न मात्र आज निम्म्याच्याही खाली गेलं."

"अरे देवा! बायकोची नोकरी गेली की काय?"

"नाही हो!" चिलेशेला आता हसू आवरेना. "पगार तेवढेच आहेत. पण बारा वर्षं देवाकडे एक मूल मागत होतो, त्यानं आज तिळं दिलं. बायको सुखरूप आहे, आणि घरात दोन डोक्यांची पाच झाली!"