शालीनंतरचा प्रयोग

पिशवीतून आणखी एक शाल निघाली, तेव्हा सुषमाताईंनी विंगेतून काकुळतीनं हात जोडले. सुरतेतल्या डिंडोलीच्या मंडळाचे अध्यक्ष गजेंद्रभाई यांना तो नमस्कार वाटला. त्यांनी उलट नमस्कार केला आणि पुढचं नाव पुकारलं.

हॉल गच्च भरला होता. कापडाच्या लूमवर काम करणारी खानदेशी मंडळी, मांडीवर जेवणाचे डबे. नाटक बघायचं आणि तसंच रात्रपाळीला जायचं, असा बेत. पण पडदा अजून बंद, आणि पडद्यापुढं सत्कार. नगरसेवक झाले, डाइंगवाले शेठ झाले, माइकवाल्याचे सासरे झाले. ज्याचा सत्कार होई तो दुसरीकडे कार्यक्रम आहे म्हणून नारळासकट निघून जाई.

नुसत्या नटी असत्या, तर ताई एव्हाना फणकाऱ्यानं मेकअपरूममध्ये जाऊन बसल्या असत्या. आता त्या निर्मात्या होत्या. निर्मातीला रुसायची सोय नसते. त्या हसत उभ्या राहिल्या.

पडद्यामागं नायकाचं काम करणारा श्रीरंग रंग लावून तयार होता. सुरतेला येतानाच त्यानं बजावलं होतं, "ताई, रिकाम्या खुर्च्यांपुढं पुन्हा उभं केलंत तर उद्यापासून दुसरा नट बघा." आत बसून तो बाहेरच्या टाळ्या ऐकत होता आणि खूश होता.

"गजेंद्रभाई, लोकांची रात्रपाळी आहे हो," ताई कुजबुजल्या.

"बस ताई, आता छेल्लो, शेवटचा सत्कार. तुमचाच."

रंगभूमीसाठी ताईंनी केलेल्या त्यागावर गजेंद्रभाई रंगात येऊन बोलत होते, तेव्हा पहिला डबा खडखडला. मग रांगाच्या रांगा उठल्या. वाकून, चपला हातात घेऊन, भाषणात व्यत्यय नको म्हणून अगदी अदबीनं.

खांद्यावरची शाल सावरत ताई दारापर्यंत धावल्या. सगळ्यांत शेवटी बाहेर पडणारा लोटू नावाचा कारागीर त्यांना बघून थबकला.

"चांगलं होतं ताई नाटक," तो म्हणाला. "फक्त शाली जास्ती होत्या."

गजेंद्रभाईंच्या कमरेचा पेजर वाजला. तेही गेले.

तिसरी घंटा झाली. हॉलमधले दिवे मालवले. पडदा वर गेला.

झोतात उभ्या असलेल्या नटाला समोर नुसता काळोख दिसतो. त्यात माणसं आहेत की नाहीत, हे त्याला कानांनीच कळतं. ताईंचा सारा जन्म त्या झोतात गेला होता.

श्रीरंगच्या पहिल्या विनोदाला त्या पुढच्या रांगेत हसल्या. दुसऱ्याला डाव्या कोपऱ्यात, जरा जाड आवाजात, खोकल्यासकट. श्रीरंगला हुरूप आला. हॉल रंगलाय, त्याच्या ध्यानात आलं.

तिसरं, हुकमी वाक्य टाकून तो हशासाठी थांबला.

ताई अजून बाल्कनीच्या जिन्यातच होत्या.