टाकून दिलेलं माप

"डॉक्टरबाई, आधी अंगणात जरा पळून येऊ का?" तुळसाकाकूंनी विचारलं.

"पळून उपयोग नसतो काकू. बसा."

पट्टा दंडावर आवळला की शरीर बिचकतं, म्हणून रक्तदाबाचं पहिलं माप जास्तच येतं. संशोधक ते वर्षानुवर्षं टाकून देत आले. ती टाकलेली मापं चाळताना या डॉक्टरबाईंनाच, डॉ. नाडगौडांना, उमगलं होतं, की आठवड्याभरात जाणाऱ्या माणसाचं शरीर बिचकायचंच सोडून देतं, मग मरण आजाराने येवो की अपघाताने. तेव्हापासून पहिलं माप चढलं की लोक घरोघरी गूळ वाटायचे.

काकूंची तिन्ही मापं सारखीच आली. एकशे अठरा.

काकूंनी पदर सावरला. "आता सुनेचं बघा."

सुनेचंही तसंच. नातवाचं, शेजाऱ्यांचं आणि संध्याकाळपर्यंत धरणाखालच्या त्या वाडीतल्या बेचाळीसही माणसांचं तसंच. कुणी रडलं नाही. काकूंनी चुलीवर चहा ठेवला.

यंत्रच बिघडलं असेल, असं म्हणत डॉक्टरांनी पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. एकशे बावीस. पुन्हा एकशे बावीस. तिसऱ्यांदाही तेच.

सगळ्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता निघायला हवं, हे त्यांना कळत होतं, पण शरीर बिचकतच नव्हतं. जीप दारातच उभी होती.

"साखर किती घालू?" काकूंनी विचारलं.

"दोन चमचे," डॉक्टर म्हणाल्या आणि भिंतीला टेकून निवांत बसल्या.