गावजेवण

कालच गावदेवीपुढे नारळ फोडून आम्ही येशूला सोडल्याचं कबूल केलं, तेव्हा कुठे गावाने पुन्हा हातपंपावर पाणी भरू दिलं. आज गावजेवण होतं. "डोळे मिटायचे नाहीत, सगळे बघत असतील," मी लेकीला वाटेत बजावलं होतं.

पत्रावळीत भात पडला आणि तिने सवयीने हात जोडून डोळे मिटले. "बापा, हे ज्यांनी रांधलं त्यांना आशीर्वाद दे," ती पुटपुटली. पंगतीतल्या माना तिच्याकडे वळल्या.

"पोर आहे, पाटील," नवरा गयावया करू लागला.

"मग डोळे उघडायला सांग तिला," पाटील मला म्हणाले.

मी तिला चिमटा काढला. ती तशीच वाट बघत राहिली. घरी शेवटचं आमेन मी म्हणते, त्याशिवाय ती डोळे उघडत नाही.

"आमेन," मी म्हणाले.